ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं आणि शाळा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दसरा उलटला की आमच्या भागातल्या वस्त्यांवर ट्रॅक्टर लागतात. पत्र्याची पेटी, चूल, शेळी, कोंबड्या, म्हातारं कुत्रं आणि सगळ्यात वर लेकरं. आठ-दहा दिवसांत पटावर चाळीस नावं असलेल्या वर्गात पंधरा मुलं उरतात. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं शिकवताना पाहुणे, पत्रकार, कॉलेजची मुलं, पुण्या-मुंबईचे मदत करू इच्छिणारे आणि स्वतः पालक यांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. गरिबी आणि शिक्षण हा विषय मोठा आहे. मला त्यातला हा एवढा तुकडा जवळून माहीत आहे, म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो.

ही मुलं नेमकी कुठली? किती महिने बाहेर असतात?

बीड जिल्ह्यातले पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, आष्टी, गेवराई हे तालुके, शेजारचे पाथर्डी-शेवगाव, शिवाय जालना, परभणी, धाराशिवचे काही भाग. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. खरीप निघालं की रब्बीला पाणी नसतं. माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरच्या कारखान्यांवर जातात, काही कर्नाटकात जातात. राज्यातल्या ऊसतोड मजुरांची संख्या आठ-दहा लाख असावी असा अंदाज नेहमी सांगितला जातो.

गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. म्हणजे पहिलं सत्र गावात, दुसरं फडात, म्हणजे उसाच्या शेतात. परीक्षेच्या तोंडावर मूल परत येतं किंवा येतही नाही.

आईबाप मुलांना गावातच का ठेवत नाहीत?

हा प्रश्न मीही सुरुवातीला तावातावाने विचारायचो. एका बापाने उलट विचारलं, "गुरुजी, ठिवतो की. पण कुणापशी ठिवू?" त्याची आई वारलेली, भाऊही टोळीतच. घराला कुलूप. मी गप्प बसलो.

कामाची रीतच अशी आहे की त्यात दोघं लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. पहाटे चारला फडात उतरावं लागतं. मग खोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, तान्ह्या बाळाला कोण धरणार? सात वर्षांची बहीण. पाणी कोण आणणार? नऊ वर्षांचा भाऊ. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचं, बैलांना टाकायचं, उरलेलं विकायचं, यातही मुलांचे हात असतात. बारा-तेराव्या वर्षी कोयता हातात येतो. आईबापांना शाळा नकोशी असते असं मला क्वचितच दिसलं. मूल मागे ठेवायला घरात एक म्हातारं माणूस आणि दोन वेळचं अन्न लागतं. ते नसलं की मूल ट्रॅक्टरवर चढतं.

शिकून काय होणार? शेवटी कोयताच धरणार ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारणारे बहुतेक स्वतः शिकलेले असतात.

जगभरच्या अभ्यासांची सरासरी काढली तर शाळेच्या एका वर्षामागे माणसाची कमाई साधारण नऊ टक्क्यांनी वाढते असं दिसतं. पण मी हा आकडा कुठल्या आईला सांगत नाही. ती सरासरी आहे. आमच्याकडे चौथी शिकलेला आणि अजिबात न शिकलेला, दोघांना टनाला सारखाच दर मिळतो. फडात चौथीच्या दाखल्याला कोणी वेगळे पैसे मोजत नाही. पैशातला फरक दिसायला लागतो तो दहावी-बारावीच्या पुढे : पोलीस भरती, आयटीआय, नर्सिंग, फौज, डी.एड. त्या दारापर्यंत पोचायचं तर मधली सगळी वर्षं धरून ठेवावी लागतात, आणि त्या वर्षांत घराला हातात काहीच दिसत नाही. गरीब घराला शाळा जड जाते ती यामुळे. फी माफ असली तरी वाट बघणं फुकट नसतं.

पण तोवर काहीच मिळत नाही असंही नाही. हिशोब कळतो, आणि कर्जात अडकलेल्या घराला हिशोब कळणं फार मोठी गोष्ट आहे.

म्हणजे कसा हिशोब?

पाचवीच्या वर्गात मी एक गणित दरवर्षी घालायचो. अलीकडचे आकडे घेऊन सांगतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. दोघं मिळून दिवसाला दोन टन ऊस तोडतात. उचल फिटायला किती दिवस लागतील?

दिवसाचे ७३२ रुपये. एक लाखाला १३७ दिवस. एकही खाडा न करता.

मग दुसरा प्रश्न : पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला, कारखाना १२० दिवसांतच बंद झाला तर? पोरं फळ्याकडे बघत बोटांवर मोजतात. ८७,८४० रुपये फिटले, १२,१६० अंगावर राहिले. बाकी अंगावर राहिली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं हे त्यांना मी सांगायची गरज नसते.

खऱ्या आयुष्यात हा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो आणि वही मुकादमाच्या खिशात. काट्याची पावती, खेपेचं वजन, टोळीतल्या कोयत्यांवर पडलेली वाटणी, मधे घेतलेला खर्चीचा पैसा, खाड्याची कपात. काटामारीबद्दल, म्हणजे वजनातल्या फसवणुकीबद्दल, आमच्याकडे सगळेच बोलतात, पण पावतीवरचा आकडा वाचून तारखेसकट लिहून ठेवणारं माणूस टोळीत असलं तर बोलण्याला आधार येतो. सातवीतली एक मुलगी हंगामभर कॅलेंडरच्या चौकटीत रोजचं टनेज लिहीत होती. शेवटी तिच्या आणि मुकादमाच्या हिशोबात तीन खेपांचा फरक निघाला. दोन मान्य झाल्या. तिसरीवरून भांडण झालं, ते मिटलं नाही. तिच्या बापाने मात्र पुढच्या वर्षी धाकटीचंही नाव स्वतः येऊन घातलं.

चार-पाच महिने बुडाले तर एवढं काय बिघडतं? जूनमध्ये भरून निघत नाही का?

निघत नाही, आणि का निघत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

पहिली-दुसरीत मूल अक्षरं ओळखतं, मग काना-मात्रा-वेलांटी जोडतं, मग शब्द, मग वाक्य. ही साखळी रोजच्या सरावाने पक्की होते. दिवाळीला मूल शब्दांपर्यंत पोचलेलं असतं. पाच महिने अक्षर दिसलं नाही की एप्रिलमध्ये ते पुन्हा अक्षरांवर आलेलं असतं, आणि जूनमध्ये तिसरीचं पुस्तक हातात पडतं. तिसरीचं पुस्तक ‘वाचता येतं’ असं धरूनच लिहिलेलं असतं. परिसर अभ्यास वाचून कळायचा, गणितातली उदाहरणंसुद्धा वाचून सोडवायची. वाचता न येणारं मूल त्या दिवसापासून सगळ्या विषयांत एकदम मागे पडतं. ते वर्गात बसतं, फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून घेतं, त्याची वही तपासली जाते आणि त्याला काही येत नाही हे वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

हे फक्त स्थलांतरित मुलांचं दुखणं नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीची छोटीशी गोष्ट देतात आणि वाचायला सांगतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण २७ टक्के मुलांना ती वाचता आली. कोरोनानंतरच्या २०२२ च्या पाहणीत हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. ही मुलं निदान गावात होती. फडातली बरीचशी लेकरं पाहणीच्या दिवशी गावातच नसतात.

माझं मत विचाराल तर सगळी ताकद तिसरीच्या आधी लावावी. तिसरीपर्यंत वाचायला शिकलेलं मूल पाच महिने गेलं तरी परत आल्यावर सावरतं. न शिकलेलं मूल हळूहळू शाळेतून नाहीसं होतं. सातवी-आठवीत ‘गळती’ म्हणून त्याची नोंद होते तेव्हा ती गोष्ट पाच वर्षं जुनी झालेली असते.

मग अशा मुलाला खालच्या वर्गात बसवावं का?

नाव वयाच्या वर्गातच ठेवावं. शिक्षणहक्क कायदाही तेच सांगतो, आणि दहा वर्षांच्या पोराला सहा वर्षांच्या मुलांत बसवलं की ते लाजेनेच येईनासं होतं. पण दिवसातला एक-दीड तास इयत्ता विसरावी. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, परिच्छेद वाचणारे एकीकडे, मग ते तिसरीचे असोत की पाचवीचे. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ नावाने हा प्रयोग झाला. गल्लीतली, जेमतेम दहावी-बारावी झालेली मुलगी मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून मुळापासून शिकवायची. अर्थशास्त्रज्ञांनी शाळांची तुलना करून तो मोजला तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे अशाच मोजणीचं काम आहे. एकशिक्षकी शाळेतल्या आमच्या जुन्या गुरुजींना ही युक्ती कोणी न सांगता येत होती, कारण त्यांच्याकडे दुसरा इलाजच नव्हता.

साखरशाळा होत्या ना? त्या का बंद पडल्या?

होत्या. औरंगाबादच्या ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या आवारात, तळावर, खोपींच्या मधोमध शाळा भरवल्या. मोठं काम होतं ते. मूल जिथे आहे तिथे शाळा न्यायची, एवढा साधा विचार.

अडचणीही होत्या. एका छपराखाली सहा तालुक्यांतली, पाच इयत्तांची मुलं. टोळी फड बदलते तेव्हा मुलं निघून जातात. शिकवणारे मानधनावरचे. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे फडात शिकलेलं गावच्या शाळेच्या नोंदीत उतरायचंच असं नाही. शिक्षणहक्क कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला आणि प्रत्येक मूल नियमित शाळेतच असलं पाहिजे हा विचार पुढे आला. तळावरची शाळा ही दुय्यम शाळा, असं म्हणत साखरशाळा मागे पडल्या. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. फक्त तळापासून नियमित शाळा तीन-चार किलोमीटरवर असते, मधे उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता असतो आणि सोडायला कोणी नसतं. पहाटे चारला फडात गेलेली आई दहा वाजता शाळेत कशी सोडणार?

वीटभट्टीवरच्या मुलांसाठी वसई-ठाण्याकडे ‘विधायक संसद’ या संस्थेने चालवलेल्या भोंगाशाळांनाही याच प्रश्नाशी झुंजावं लागलं. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी.

हंगामी वसतिगृह म्हणजे काय?

नाव वसतिगृह असलं तरी इमारत डोळ्यांसमोर आणू नका. बहुतेक ठिकाणी मूल गावातच आजीकडे, चुलतीकडे झोपतं. शाळेत त्याला सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं, संध्याकाळी अभ्यास घेतला जातो. दुपारचा पोषण आहार वेगळा. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. दिवाळीच्या सुमारास सुरू करायचं आणि हंगाम संपेपर्यंत चालवायचं.

माझ्या मते आजवरच्या उपायांत सगळ्यात उपयोगी उपाय हाच. मूल स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या भाषेत, ओळखीच्या बाईंकडे राहतं. आजीलाही सोपं जातं, कारण तिच्याने दोन वेळा भाकरी थापणं होत नसतं. घोडं अडतं ते तारखेवर. टोळ्या निघतात दसऱ्यानंतर आणि मंजुरी येते कधी कधी डिसेंबरात. एका वर्षी आम्ही किराणा दुकानदाराच्या उधारीवर दोन महिने काढले. गेलेलं मूल मंजुरीचं पत्र वाचून फडातून परत येत नाही.

मोठ्या मुलांसाठी २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली. ४१ तालुक्यांत मुलांचं एक, मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं. तुमच्या तालुक्यात आहे का, जागा आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात जूनच्या आधीच विचारा. याशिवाय खासगी प्रयत्नही आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचं ‘शांतिवन’ त्यातलं ठळक नाव.

मूल सोबत न्यावंच लागलं तर काय करायचं?

निघण्याआधी गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. मूल कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येतं, हे त्यावर असतं. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसवता येतं. परत आल्यावर त्या शाळेतून नोंद आणा. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. खोपीत पाचटाचं छप्पर गळतं.

दाखला, आधार, जन्माचा पुरावा काहीच नसेल तर?

तरी प्रवेश द्यावा लागतो. सहा ते चौदा वयाच्या मुलाला कागद नाही, दाखला यायचाय किंवा वर्ष अर्धं झालंय म्हणून परत पाठवता येत नाही. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर केंद्रप्रमुखांना, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. एकटे जाऊ नका. टोळीतले चार पालक मिळून गेलात की लवकर ऐकतात.

पालकांवर सक्ती, दंड का नाही करत?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. हे उदाहरण भाषणांत हमखास येतं. पण महाराजांनी नुसता दंड लावला नाही. गावोगाव शाळा काढल्या, वसतिगृहं काढली, आणि त्यासाठी तिजोरीतून पैसा दिला. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे लेखी मांडलं होतं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. आजच्या कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण दंड नाही. तो नाही तेच बरं. ज्या घराच्या अंगावर बारा हजार बाकी आहे, त्याला आणखी दंड लावून काय काढणार?

मुलींचं वेगळं काय?

बरंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. महाराष्ट्राची सरासरी होती सुमारे २२ टक्के. हा फरक कुठून आला हे आमच्याकडे कोणालाही विचारा. वयात आलेली पोरगी गावात एकटी ठेवायची भीती, खोपीत ठेवायची त्याहून जास्त भीती. खोपीला दार नसतं. आंघोळीला आडोसा नसतो. त्यात लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो आणि नव्या जोडप्याला वेगळी उचल मिळते. त्याच उचलीतून लग्नाचा खर्च भागतो. आईबाप निर्दय आहेत असं समजणाऱ्यांनी एक रात्र तळावर काढावी.

म्हणून मुलींच्या बाबतीत शाळेचा पहिला फायदा मी अभ्यासाचा धरत नाही. शाळा आणि वसतिगृह ही तिला ठेवायची जागा असते. आठवी ते बारावी ही पाच वर्षं सुरक्षित जागा मिळाली की लग्न आपोआप पुढे जातं. पुढचं सगळं त्याच्यामागून येतं. याच सर्वेक्षणात देशभरात शाळाच न पाहिलेल्या बायकांना सरासरी २.८ मुलं होती, बारा वर्षं किंवा जास्त शिकलेल्या बायकांना १.८. शिकलेल्या आईचं बाळ दवाखान्यात वेळेवर पोचतं, डोस चुकत नाहीत, हे आमच्या अंगणवाडीताई कुठल्याही सर्वेक्षणाशिवाय सांगतील.

हाताशी काय आहे तेही सांगतो. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं, म्हणजे मुलींच्या निवासी शाळा, आहेत. अल्पवयीन मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, १०९८ वर, फोन करता येतो, नाव सांगावं लागत नाही. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, हे पुष्कळ गावांना माहीतच नसतं.

खिचडीसाठी शाळेत येतात, हे खरं का?

खरं आहे. यात लाजण्यासारखं काय आहे? पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ आणि त्याचं ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनांचं जेवण, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम आणि ७०० कॅलरी. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळांतून शिजवलेलं अन्न द्या म्हणून आदेश दिला, तेव्हापासून हे देशभर रुळलं. भुकेल्या पोराला अकरा वाजता भागाकार शिकवून बघा. फडात गेलं की हे जेवण तुटतं. धाकट्याची अंगणवाडीही तुटते. नुसतं वजन केलं तरी कोणतं मूल फडातून आलंय हे कळतं.

आईबाप निरक्षर असतील तर घरी अभ्यास कोण घेणार?

अभ्यास घेण्यापेक्षा विचारपूस जास्त कामाची. "आज काय वाचलंस, दाखव" असं म्हणणारी आजी असली की पुरतं, तिला स्वतःला वाचता येवो न येवो. मी मुलांना गृहपाठ द्यायचो तो असा : घरी जाऊन आजीला धडा वाचून दाखवा आणि तिला आवडला का ते लिहून आणा. एका आजीचा अभिप्राय होता, "ससा मूर्ख हाय."

मोठ्यांनाही शिकायचं असेल तर १५ वर्षांवरच्यांसाठी ‘उल्लास’ साक्षरता वर्ग आहेत. बायका सहीपासून सुरू करतात आणि बसची पाटी वाचता आली की थांबतात. मग पोरगं पुढची वेलांटी शिकवतं.

घरची भाषा वेगळी असेल तर?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि विचारायला हवा. तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीवरच्या, लेकरांच्या घरी गोरमाटी बोलतात. पहिलीच्या पहिल्या दिवशी बाईंचं मराठी त्यांच्या कानाला परकं असतं. मूल गप्प बसतं आणि बाईंना वाटतं मंद आहे. तांड्यातली एखादी शिकलेली ताई पहिले सहा महिने वर्गात बसली तरी चित्र पालटतं. कर्नाटकातल्या कारखान्यांवर तर मजाच. जवळची शाळा कानडी माध्यमाची. हमी कार्ड मराठीत. मूल तिथे चार महिने फक्त खेळून येतं, आणि थोडं कानडी शिकून.

इंग्रजी शाळेत घालावं का?

घरात कोणी इंग्रजी बोलणारं नाही, शाळा वीस किलोमीटरवर, आणि पाच महिने गैरहजेरी. घालू नका. आधी मराठी वाचन पक्कं करा. खासगी शाळांतल्या २५ टक्के मोफत जागा कायद्याने आहेत, पण त्याचा फायदा बारा महिने एका जागी राहणाऱ्या घराला होतो.

मोबाइलवर शिकवता येत नाही का?

टोळीत फोन असतो, तो बापाच्या खिशात असतो आणि बाप फडात असतो. संध्याकाळी चार्जिंग नसतं. आमच्या एका बाईंनी रोज रात्री आठला फोन करून तीन मुलांकडून पाढे म्हणवून घेतले, तेवढं मात्र चाललं.

आठवीनंतर काय?

इथे खरी कसोटी लागते, कारण कायद्याचा हात चौदाव्या वर्षी सुटतो. आठवीतच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला लावा. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आमच्या फळ्यावरच्या गणितातली बाकी आठवा, १२,१६०. जवळपास तेवढीच. ही तुलना मी पालकांना फळ्यावर करून दाखवतो आणि त्यांना ती लगेच कळते. पाचवीतल्या हुशार मुलाला नवोदय या सरकारी निवासी शाळेची परीक्षा द्यायला लावा. तिथल्या पाऊण जागा ग्रामीण मुलांच्या असतात.

मला मदत करायची आहे. वह्या, दप्तरं पाठवू का?

वह्या दरवर्षी येतात, जूनमध्ये, फोटोसकट. आमच्या कपाटात तीन वर्षांपूर्वीच्या वह्या आहेत. खरं द्यायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचं धान्य आणि तेल द्या, म्हणजे मंजुरीची वाट न बघता जेवण सुरू करता येतं. किंवा संध्याकाळचा वर्ग घेणाऱ्या गावातल्या बारावी झालेल्या मुलीचं पाच महिन्यांचं मानधन द्या. किंवा गोष्टींची पुस्तकं द्या. पातळ, मोठ्या अक्षराची, मुलं हाताळून फाटतील अशी.

आता ऊस तोडायला यंत्रं आली. मग हा प्रश्न संपेल ना?

हार्वेस्टर वाढतायत हे खरं. मोठ्या, सपाट, सलग फडात ते चालतं. लहान तुकडे, पडलेला ऊस, चिखल असेल तिथे अजून कोयताच लागतो. पण दहा वर्षांनी किती कोयते लागतील? आज पहिलीत असलेलं पोर तेव्हा सोळा-सतरा वर्षांचं असेल. ‘शेवटी कोयताच धरणार ना’ म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून विचारतो.

तुमच्या भागातली शाळा बघायला यायचं तर कधी यावं?

डिसेंबरात या. दुपारच्या खिचडीच्या वेळी पोचलात तर मुलं मोजायला सोपी जातात.